क्लबचा सातबारा: बेल्जियमच्या खेड्यातल्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा वाचायचा

२०१८ च्या उन्हाळ्यानंतर बेल्जियममधल्या लीर शहरात पिवळ्या-काळ्या रंगाचा संघ पुन्हा मैदानात उतरला. मैदान जुनंच आणि गॅलरीतली माणसंही जुनीच. पण फुटबॉल महासंघाच्या दफ्तरी हा संघ लीरचा नव्हता, ओस्टरवाइकचा होता. ओस्टरवाइक म्हणजे वेस्टरलो नगरपालिकेतली एक छोटी वस्ती. लीरचा मूळचा क्लब लीर्स १९३२, १९४२, १९६० आणि १९९७ असा चार वेळा देशाचा विजेता झालेला. मे २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत निघाला आणि त्याच्याबरोबर त्याचा नोंदणी क्रमांक ३० बंद पडला. मग ओस्टरवाइकचा 'ओस्टरझोनेन' हा क्लब आपला क्रमांक ३९७० घेऊन लीरला आला आणि त्यानं नाव बदललं: लीर्स केम्पनझोनेन. 'ओस्टरझोनेन' म्हणजे पूर्वेचे पुत्र आणि 'केम्पनझोनेन' म्हणजे केम्पन प्रदेशाचे पुत्र. जुन्या नावातलं 'झोनेन' तेवढं शिल्लक राहिलं.

हा सगळा प्रकार कळायला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. बेल्जियममध्ये क्लबची ओळख त्याच्या नावात, रंगात किंवा मैदानात नसते. ती असते एका आकड्यात. डच भाषक भागात त्याला 'स्टामनुमर' म्हणतात, फ्रेंच भाषक भागात 'मात्रिक्यूल'. आपल्याकडे जमिनीला गट नंबर असतो तसाच हा प्रकार. मालक बदलतो, वारस लागतात, शेताला घरचे लोक नव्या नावानं हाक मारू लागतात, पण सातबाऱ्यावर गट नंबर तोच राहतो आणि बोजाही त्याच उताऱ्यावर चढतो. खेड्यातल्या बेल्जियन क्लबचा इतिहास वाचायचा तर आधी उतारा काढायचा आणि मग एकेक फेरफार बघत मागे जायचं.

आकडा आला कुठून

बेल्जियमचा महासंघ १८९५ मध्ये स्थापन झाला. सुरुवातीला तो फक्त फुटबॉलचा नव्हता, ॲथलेटिक्ससारखे इतर खेळही त्याच छत्राखाली होते. १९१२ मध्ये फुटबॉल वेगळं झालं. क्लब वाढत गेले, एकाच नावाचे दोन-तीन क्लब होऊ लागले, कुणाचं नाव फ्रेंचमध्ये तर कुणाचं इंग्रजीत. कागदपत्रांचा गोंधळ होणारच होता. डिसेंबर १९२६ मध्ये महासंघानं त्या वेळी हयात असलेल्या क्लबांना सभासदत्वाच्या ज्येष्ठतेनुसार क्रमांक दिले. अँटवर्पला १, ब्रुसेल्सच्या डेअरिंगला २, क्लब ब्रुगला ३, लिएजला ४, गेंटला ७, युनियन सेंट-जिलुआजला १०, सर्कल ब्रुगला १२, स्टँडर्ड लिएजला १६. अँडरलेख्त आज देशातला सर्वाधिक विजेतेपदांचा क्लब आहे, पण त्याचा क्रमांक ३५, कारण तो जन्मला १९०८ मध्ये.

यातून एक सोयीची गोष्ट झाली. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक क्लबला पुढचा आकडा मिळत गेला, त्यामुळे आकडा बघून वय कळतं. वेस्टरलो १९३३ चा, क्रमांक २०२४. बेव्हरेन १९३० च्या दशकाच्या मध्याचा, क्रमांक २३००. ऑयपेन १९४५ चा, ४२७६. वारेगेम १९४६ चा, ४४५१. झुल्ते १९५० चा, ५३८१. आता या रांगेकडे जरा नीट बघा. बेव्हरेन ते ऑयपेन या जेमतेम दहा वर्षांत जवळजवळ दोन हजार क्रमांक वाटले गेले, आणि त्यातली निम्मी वर्षं जर्मन ताब्यातली! युद्धकाळात गावाबाहेर जाणं अवघड होतं, करमणूक फारशी उरली नव्हती, पण गवत आणि चेंडू होता. केम्पन आणि लिंबर्ग भागातल्या एखाद्या क्लबचा क्रमांक तीन हजारांच्या वरच्या टप्प्यात दिसला, तर तो बहुधा याच काळातला.

मात्र इथे पहिला खड्डा आहे. आकडा सांगतो ती महासंघात दाखल होण्याची वेळ, जन्माची नव्हे. बरेच गावचे क्लब आधी कित्येक वर्षं चर्चच्या युवक मंडळाचे किंवा कारखान्याचे संघ म्हणून खेळत होते. फ्लेमिश, म्हणजे डच भाषक भागात १९३० च्या दशकात राष्ट्रीय महासंघाला प्रतिस्पर्धी असा एक स्वतंत्र फ्लेमिश फुटबॉल संघ होता. त्यात खेळणाऱ्या क्लबांना राष्ट्रीय क्रमांक नव्हता. म्हणून बोधचिन्हावरचं स्थापनावर्ष आणि क्रमांकावरून निघणारं वर्ष जुळलं नाही तर लगेच कुणाला खोटं ठरवू नये. दोन्ही खरी असू शकतात.

नावातली अक्षरं

उतारा हातात आला की मग नाव वाचायचं. सुरुवातीचं 'के' किंवा 'आर' म्हणजे राजमान्य: डचमध्ये 'कोनिंक्लेके', फ्रेंचमध्ये 'रॉयाल'. हा मान क्लबला अर्ज करून मिळतो. आता त्यासाठी पन्नास वर्षांचं अस्तित्व लागतं, पूर्वी तो यापेक्षा लवकर मिळत असे. वारेगेमला तो १९५१ मध्येच मिळाला होता. त्यामुळे 'के' दिसलं म्हणून पन्नास वर्षं मोजत मागे जाणं धोक्याचं.

पुढची अक्षरं गावाची जात-पंगत सांगतात म्हटलं तरी चालेल. 'एंड्राख्ट' म्हणजे एकोपा, 'फरब्रुडरिंग' म्हणजे बंधुभाव. अशी नावं बऱ्याचदा दोन क्लब एकत्र झाल्याची खूण असतात. एकाच गावात एक क्लब कॅथलिकांचा आणि दुसरा उदारमतवाद्यांचा ही त्या देशातली जुनी वाटणी. ब्रुग शहरात सर्कल हा कॅथलिकांचा आणि क्लब हा उदारमतवाद्यांचा मानला जाई. 'फाब्रीक' असेल तर कारखाना: ओव्हरपेल्ट-फाब्रीक हा जस्ताच्या कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीचा क्लब. लिंबर्गच्या कोळसाखाणींतल्या वाटरस्खाय गावच्या क्लबच्या नावात 'थोर' होतं. वरवर बघता तो उत्तर युरोपातला मेघगर्जनेचा देव. पण त्या चार अक्षरांचा पूर्ण अर्थ होता 'आमच्या हक्कांच्या पुनर्स्थापनेसाठी', म्हणजे फ्रेंचांच्या वरचष्म्याविरुद्धची फ्लेमिश घोषणा. एका खाणकामगारांच्या वस्तीनं आपलं राजकारण जर्सीवर असं शिवून घेतलं.

नावं पुढे बदलतातही. क्लब ब्रुगनं १९७२ मध्ये फ्रेंच नाव टाकून डच घेतलं. गावच्या क्लबांत अशी भाषांतरं अनेक झाली. तेव्हा नाव शोधून हाताशी काही लागत नसेल तर दुसऱ्या भाषेत शोधावं, आणि तेही जमलं नाही तर क्रमांक टाकावा.

रविवारचा खेळ आणि तीन तुकडे

गावच्या क्लबचं आयुष्य प्रांतिक लीगमध्ये जातं. बऱ्याच प्रांतांत या लीगच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली चौथी, वर पहिली. त्यावर २०१६ च्या फेररचनेनुसार तीन हौशी आणि दोन व्यावसायिक पायऱ्या. म्हणजे सर्वात खालच्या संघाला देशाच्या पहिल्या श्रेणीत जायचं तर तळापासून धरून नऊ पायऱ्या.

सोळा संघांची लीग, प्रत्येकी तीस सामने, अव्वल संघ थेट वर. इथपर्यंत कुठल्याही देशासारखंच. बेल्जियमची खासियत आहे ती 'पेरिओडे'ची, फ्रेंच भाषकांत 'त्रांश'. तीस सामन्यांचे दहा-दहाचे तीन तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा तक्ता ठेवतात. तुकडा जिंकणाऱ्याला मोसमाअखेर बढतीच्या फेरीत जागा. पूर्ण लीगचा विजेताच तुकड्याचाही विजेता असेल, तर ती जागा खालच्या संघाकडे सरकते. यामुळे डिसेंबरपर्यंत धडपडणारा संघही मधल्या किंवा शेवटच्या दहा सामन्यांत जोर लावून बढतीच्या फेरीत घुसू शकतो. क्लबच्या इतिहासात 'बाराव्या क्रमांकावर असून बढती' अशी नोंद दिसली, की ती छपाईची चूक समजू नका. आधी तुकड्यांचा तक्ता बघा.

उलट्या दिशेनं घसरणं मात्र सोपं. संघ मैदानात उतरला नाही तर सामना ५-० नं प्रतिस्पर्ध्याचा, याला 'फोरफे' म्हणतात. एका मोसमात असं तीनदा झालं की 'सर्वसाधारण फोरफे': त्या संघाचे सगळे निकाल खोडले जातात आणि तो तळाला जातो. गावच्या क्लबात हे बहुधा पैशानं होत नाही, माणसांनी होतं. पंधरा खेळाडूंपैकी तिघे जखमी, दोघांचं लग्न, एकाची शिफ्ट, आणि रविवारी दुपारी नऊच जण उभे. म्हणून चौथ्या पायरीवर खेळणारे क्लब चाळिशी उलटलेल्या दोघा-तिघांची नोंदणी चालू ठेवतात. एवढ्याशा खबरदारीनं कित्येक क्रमांक वाचले असतील.

क्लब चालतो कशावर

कायद्याच्या भाषेत गावचा क्लब ही नफा न कमावणारी संस्था असते. तिला डचमध्ये 'व्हीझेडडब्ल्यू' म्हणतात. मूळ कायदा १९२१ चा. तिची सर्वसाधारण सभा असते, संचालक मंडळ असतं. पण महासंघाच्या लेखी सर्वांत महत्त्वाचा माणूस अध्यक्ष नाही. तो आहे 'गेरेख्टिग्ड कॉरेस्पाँडेंट', थोडक्यात जीसी. नोंदण्या, सामन्यांच्या तारखा बदलणं, तक्रारी, दंड, सगळा पत्रव्यवहार याच्या नावानं. आपल्या दूध सोसायटीच्या सचिवासारखं समजा. चेअरमन हार घालून घेतो, सही मात्र सचिवाची चालते. जुन्या क्लबांत एकच माणूस वीस-पंचवीस वर्षं जीसी असलेला आढळतो. तो गेला की दफ्तर त्याच्या घरच्या माळ्यावरून थेट कचऱ्यात जातं. गावच्या क्लबच्या इतिहासात एखादं दशक कोरं दिसतं त्याचं साधं कारण अनेकदा हेच.

पैशाचा उगम कँटीनमध्ये. हे कँटीन म्हणजे मैदानालगतची बैठी खोली. आत लांब काउंटर, बिअरचे नळ, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आणि कोपऱ्यात चषकांचं कपाट. प्रवेशशुल्कापेक्षा इथली विक्री मोठी. काउंटरचं सामान, खुर्च्या, कधी अख्खी इमारत उभी करायला बिअरची कंपनी पैसे देते. बदल्यात ठरावीक वर्षं फक्त त्याच कंपनीची बिअर विकायची आणि किमान अमुक इतके पिंप उचलायचे. गोम इथे आहे. संघ दोन पायऱ्या खाली घसरला की प्रेक्षक निम्मे होतात, पिंपांचा आकडा पुरा होत नाही आणि करारातली भरपाई अंगावर येते. म्हणजे मैदानावरची हार दोन वर्षांनी कँटीनच्या हिशेबात उतरते.

त्याशिवाय सभासदांची वर्गणी, मैदानाभोवतीचे जाहिरातीचे फलक, लॉटरीची तिकिटं, आणि वर्षातून एक-दोनदा गावजेवण: शिंपल्यांचं किंवा स्पॅगेटीचं. जेवणाची कार्डं खेळाडूंच्या आईबापांनी आधी खपवायची असतात. मैदान बहुधा नगरपालिकेचं, क्लबकडे भाड्यानं किंवा दीर्घ मुदतीच्या करारानं. गवत कापणारा, रेषा मारणारा, जर्सी धुणारी, पंचाला चहा देणारा, सगळे बिनपगारी. त्यांच्या मानधनाचे आणि विम्याचे नियम २००५ च्या स्वयंसेवक कायद्यात आहेत.

खर्चाचं मोठं भोक म्हणजे पहिला संघ. प्रांतिक लीगमध्येही खेळाडूंना जिंकल्यावर ठरावीक रक्कम मिळते. गावातला एखादा बांधकाम व्यावसायिक उत्साहानं प्रायोजक होतो, शेजारच्या गावचा गोल मारणारा गडी आणतो, संघ तीन वर्षांत तीन पायऱ्या चढतो. मग व्यावसायिकाचा धंदा बसतो किंवा त्याला अध्यक्षाचा राग येतो. पगार चढलेले, प्रवास लांबचा, आणि देणारा हात गेलेला. या एका क्रमानं जितके क्लब बुडाले तितके दुसऱ्या कशानंही बुडाले नसावेत.

मुलं तयार करून विकायची हा दुसरा मार्ग. हौशी खेळाडूला क्लब सोडायचा तर त्यासाठी एप्रिल महिना ठरलेला. पूर्वी रजिस्टर पत्र धाडावं लागे, आता ते ऑनलाइन होतं. नवा क्लब जुन्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई देतो. हे स्वातंत्र्य तुलनेनं अलीकडचं. एके काळी करार संपला तरी क्लब खेळाडूला धरून ठेवू शकत असे. त्या नियमाला तडा देणारा खटलाही बेल्जियममधलाच. १९९० मध्ये क्रमांक ४ च्या लिएज क्लबनं जाँ-मार्क बॉसमनला महिना १,२०,००० ऐवजी ३०,००० फ्रँक देऊ केले आणि फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं तर हस्तांतरणाचे पैसे मागितले. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं बॉसमनच्या बाजूनं निकाल दिला. त्याच सुमारास लिएज क्लबचं रोकूर इथलं मैदानही गेलं आणि जागेवर सिनेमागृह आलं. क्लब दोन दशकं दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरला आणि २०१५ मध्ये रोकूरला परतला. तेवढ्या काळात त्यांच्याकडे सांगण्यासारखी एकच मालमत्ता होती: आकडा ४.

विलीनीकरण: कुणाचा उतारा ठेवायचा

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. दोन क्लब एक होतात तेव्हा क्रमांकाचं काय?

जुन्या काळात नवा क्रमांक दिला जाई. ऑयपेनचा ४२७६ आणि वारेगेमचा ४४५१ हे दोन्ही युद्ध संपताना-संपताना झालेल्या विलीनीकरणांचे आकडे आहेत. पुढे रीत बदलली. नवा क्लब दोघांपैकी एकाचा क्रमांक ठेवतो आणि दुसरा कायमचा रद्द होतो. मग प्रश्न उरतो कुणाचा ठेवायचा, आणि तो भावनेचा कमी, हिशेबाचा जास्त असतो. क्रमांकाबरोबर तीन गोष्टी येतात: लीगमधली जागा, महासंघाच्या दफ्तरी असलेली देणी आणि नोंदलेली विजेतेपदं.

गेंक हे पहिल्या गोष्टीचं उदाहरण. १९८० च्या दशकाच्या शेवटी लिंबर्गच्या खाणी बंद होत होत्या, वाटरस्खायची १९८७ मध्ये, विंटरस्लागची १९८८ मध्ये. खाणीबरोबर क्लबांचा आधारही तुटला. १९८८ मध्ये दोन्ही क्लब एक होऊन गेंक क्लब झाला. वाटरस्खायचं कर्तृत्व मोठं होतं. १९८० आणि १९८२ चा बेल्जियन चषक, आणि १९८३ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी. पण त्या घडीला पहिल्या श्रेणीत होता विंटरस्लाग. म्हणून विंटरस्लागचा ३२२ राहिला आणि वाटरस्खायचा ५५३ बंद झाला. पुढे गेंक अनेकदा देशाचा विजेता झाला. ती सगळी विजेतेपदं ३२२ च्या उताऱ्यावर आहेत.

झुल्ते हे दुसऱ्या गोष्टीचं. झुल्ते हे पूर्व फ्लँडर्समधलं गाव आणि वारेगेम हे शेजारचंच पण पश्चिम फ्लँडर्समधलं शहर. वारेगेमनं १९७४ चा चषक जिंकलेला आणि १९८५-८६ च्या यूएफा चषकात मिलानमध्ये जाऊन एसी मिलानला हरवलेलं. झुल्तेकडे असं काही नव्हतं. फ्रांकी द्यूरी नावाचा पोलिसात नोकरी करणारा प्रशिक्षक होता आणि पायरी-पायरीनं वर चाललेला संघ होता. २००१ मध्ये दोघे एक झाले. वारेगेम कर्जात होता, म्हणून उतारा ठेवला झुल्तेचा, ५३८१. नावातही झुल्ते आधी: झुल्ते वारेगेम. मैदान मात्र वारेगेमचं. द्यूरीच प्रशिक्षक राहिला. २००५ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत आला आणि पहिल्याच मोसमात, २००६ मध्ये, मूक्रोंला २-१ हरवून चषक घेऊन गेला. २०१७ मध्ये पुन्हा एकदा. आता सांगा, १९७४ चा चषक कुणाचा? वारेगेमच्या माणसाला विचाराल तर 'आमचा'. उतारा सांगतो: ४४५१ चा, आणि तो खाडाखोड झालेला.

नगरपालिकांचाही यात हात असतो. १ जानेवारी १९७७ ला बेल्जियमनं २,३५९ नगरपालिका मोडून ५९६ केल्या. प्रत्येक जुन्या गावाचा आपला क्लब होता. आता एका नगरपालिकेच्या हद्दीत चार-पाच क्लब आले आणि प्रत्येकाला मैदान, दिवे, कपडे बदलायच्या खोल्या हव्या. पालिकेचं म्हणणं, एकत्र या म्हणजे एकच चांगलं मैदान करता येईल. गावाचं म्हणणं, त्यांच्याबरोबर? कधीच नाही! हा वाद अनेक ठिकाणी वीस-तीस वर्षं चालतो आणि शेवटी मुलं कमी पडू लागली की मिटतो.

आकडा स्थलांतर करतो

तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक, आणि ओस्टरवाइक त्यातच मोडतं. लोक सरळ 'क्रमांक विकत घेतला' म्हणतात. कागदावर तसं नसतं. गावच्या संस्थेचं संचालक मंडळ बदलतं, मग संस्था नाव बदलायचा आणि दुसऱ्या मैदानावर खेळायचा अर्ज करते, महासंघ मान्यता देतो. संस्था तीच, क्रमांक तोच. फक्त माणसं, रंग, गाव आणि नाव वेगळं.

हे करण्यामागचं गणित सोपं आहे. मोठा क्लब बुडाला आणि त्याच्या पाठीराख्यांनी नवी संस्था काढली, तर तिला नऊ हजारांच्या घरातला नवा क्रमांक मिळतो आणि प्रांतिक लीगच्या तळापासून सुरुवात करावी लागते. दरवर्षी बढती मिळवली तरी वर यायला जवळपास दशक. त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत असलेला, प्रेक्षक नसलेला गावचा क्लब शोधायचा. २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या मोलेनबेक भागातला आरडब्ल्यूडीएम (रेसिंग व्हाइट डेअरिंग मोलेनबेक) हा क्लब असाच परत आला, वेटरेन गावच्या स्टँडार्ड क्लबच्या ५४७९ वर. मूळ आरडब्ल्यूडीएमचा क्रमांक होता ४७, आणि तो २००२ मध्ये दिवाळखोरीत संपला होता. पुनरुज्जीवित क्लबनं ४७ हा आकडा निदान नावात तरी जोडून ठेवला.

लोमेलची गोष्ट मराठी वाचकाला थोडी जवळची वाटेल. लोमेलचा जुना क्लब २००१ मध्ये चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता, दोन वर्षांनी दिवाळखोर झाला. मग शेजारच्या ओव्हरपेल्ट-फाब्रीकशी जोडणी झाली आणि जस्त कारखान्याच्या वस्तीचा २५५४ हा क्रमांक पुढे चालू राहिला. २०२० मध्ये हा क्लब सिटी फुटबॉल ग्रुपनं घेतला, ज्यानं २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीत मोठा हिस्सा घेतला होता. म्हणजे एके काळच्या कारखाना संघाचा क्रमांक आणि अंधेरीत खेळणारा संघ काही काळ एकाच मालकाच्या वहीत होते.

जो हलला नाही

आणि २००१ च्या त्या अंतिम सामन्यात लोमेलला १-० हरवलं कुणी? वेस्टरलोनं. तेच वेस्टरलो, ज्याच्या हद्दीत ओस्टरवाइक आहे. क्रमांक २०२४, १९३३ पासून तोच, गावही तेच. केम्पनच्या सपाट, वाळूच्या जमिनीत वसलेलं. मैदानाचं नाव 'हेट कॉयप्ये', म्हणजे छोटंसं घंगाळ. सुमारे आठ हजार माणसं मावतात आणि पालिकेची सगळी लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास. प्रशिक्षक यॉस हेइलिगेन यांच्या काळात खालच्या श्रेणींतून चढत संघ १९९७ मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि सलग पंधरा मोसम टिकला. चषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते यान क्यूलेमान्स, बेल्जियमच्या राष्ट्रीय संघाचे जुने कर्णधार. २०११ मध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी स्टँडर्डकडून ०-२ हार. २०१२ मध्ये खाली, २०१४ मध्ये वर, २०१७ मध्ये खाली, २०२२ मध्ये वर. २०१८ पासून मालक ओक्ताय एर्जान हे तुर्की उद्योजक. मालक परदेशी आला, पण आकडा, रंग आणि घंगाळ जागेवर आहे.

एकाच पालिकेतले हे दोन उतारे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. क्रमांक २०२४ नं गाव सोडलं नाही आणि देशाचा चषक गावात आणला. क्रमांक ३९७० गाव सोडून गेला.

उतारा कसा काढायचा

एखाद्या बेल्जियन गावचा क्लब तुम्हाला शोधायचा असेल, पूर्वज तिकडचे असोत की निव्वळ हौस असो, तर नावापासून सुरुवात करू नका. क्लबच्या पत्रावर, बोधचिन्हाखाली किंवा कँटीनच्या पाटीवर क्रमांक असतोच. तो घ्या. मग त्या क्रमांकाची सगळी नावं वर्षांसह एका उभ्या रेषेत मांडा. जिथे नाव आणि मैदान दोन्ही एकाच वर्षी बदललेलं दिसेल तिथे थांबा, तो बहुधा स्थलांतराचा फेरफार. जिथे नावात दोन गावं जोडलेली दिसतील तिथे दुसऱ्या गावाच्या बंद क्रमांकाचा वेगळा उतारा काढा, कारण त्या गावाचा अर्धा इतिहास तिकडे अडकलेला असतो. विजेतेपदं मोजताना क्रमांकाप्रमाणे एक यादी आणि गावाप्रमाणे दुसरी करा. दोन्हींची बेरीज कधीच जुळणार नाही, जुळवायचा प्रयत्नही करू नका. बंद झालेल्या क्लबांची माहिती महासंघाच्या जुन्या पत्रिकांत, प्रांतिक वर्तमानपत्रांच्या सोमवारच्या अंकांत आणि पालिकेच्या अभिलेखागारात मिळते. सोमवारचा अंक अशासाठी, की सामने रविवारी व्हायचे.

आणि गावात गेलात तर कँटीनच्या भिंतीवरचे फोटो रांगेनं बघा. ज्या फोटोत जर्सीचा रंग अचानक बदलतो, त्याच्या चौकटीखालचं वर्ष टिपून घ्या. उताऱ्यावरचा फेरफारही बहुधा त्याच वर्षाचा निघतो.